पत्ते चांगले येतात, तरी फ्लॉपला डाव का बुडतो?

होल्डएम या पोकरच्या खेळातलं दुखणं असं आहे. हातात एक्का येतो, किंवा एकाच रंगाचे दोन पत्ते येतात, किंवा पंजीची जोडी येते. माणूस खुशीत कॉल करतो, म्हणजे समोरच्याइतकी बोली भरून आत येतो. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये पाडलेले पहिले तीन पत्ते, उघडतो आणि त्यात आपलं काहीच नसतं. तरी ‘बघूया पुढचा पत्ता’ म्हणत तो चिंचोके टाकत राहतो आणि जेवणं व्हायच्या आत वाटी रिकामी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या घरात हे दोन पावसाळे चाललं. आमचं गाव आचऱ्याच्या खाडीजवळ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या, बाहेर पाऊस मी म्हणत असतो. दुपारपासून पडवीत चटई पडते. मेंढीकोट, रमी, तीन पत्ती हे सगळं पूर्वीपासून होतंच, होल्डएम मात्र मुंबईच्या चुलत दिराने गणपतीला आला असताना शिकवला आणि घराला त्याचं वेड लागलं. पैसे आम्ही लावत नाही. चिंचोका म्हणजे एक, काजूबी म्हणजे दहा. हे आधीच सांगते, कारण महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे आणि २०२५ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली आहे. शिकायला आणि मोजायला चिंचोके पुरतात.

मी होडीचा हिशेब ठेवते. डिझेल किती, बर्फ किती, मासळी किती, सगळं वहीत. त्यामुळे ‘आज नशीबच खराब’ हे वाक्य मला कधी पटलं नाही. रोज एकच माणूस एकाच तऱ्हेने हरत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती कुठे सापडली ते इथे लिहिते.

आधी कॅट तपासा

समुद्रकाठच्या हवेत कागदी पत्ते सर्द होतात. दोन-दोन, तीन-तीन चिकटून फिरतात. त्यात संध्याकाळी मुलांनी मेंढीकोट खेळलेला असतो. मेंढीकोटात हात उचलताना चार-चार पत्ते बहुतेक एकाच रंगाचे जमतात. तोच कॅट वरवर पिसून होल्डएमला घेतला, तर ते गठ्ठे तसेच राहतात आणि फ्लॉपला तीन बदाम, तीन किलवर असे पडायला लागतात. मग ज्याला त्याला वाटतं, रंगाचे पत्ते धरून ठेवले की फायदा होतो.

नीट पिसलेल्या कॅटमधून फ्लॉपचे तिन्ही पत्ते एका रंगाचे पडायची शक्यता ५.२ टक्के आहे, म्हणजे एकोणीस-वीस फ्लॉपमध्ये एकदा. तुमच्याकडे हे दर चार-पाच डावांनी दिसत असेल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी पिसणं सुधारा. दोन भाग करून पत्ते एकमेकांत सोडत पिसायची जी पद्धत आहे, त्या पद्धतीने सात वेळा पिसलं की कॅट चांगला मिसळतो, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. आपण हातावर घेऊन गठ्ठे वर-खाली करतो, त्याला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आम्ही आता सगळे पत्ते चटईवर पालथे पसरतो आणि भात कालवावा तसे दोन्ही हातांनी मिनिटभर कालवतो. जमलं तर प्लॅस्टिकचे पत्ते घ्या. ते सर्द होत नाहीत आणि मळले तर ओल्या फडक्याने पुसता येतात.

तीन पत्तीची सवय

कॅट सुधारला तरी भावोजी हरतच राहिले, तेव्हा मी त्यांचं खेळणं नीट बघायला लागले. फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून पॅक, करायला सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: “वैनी, एक्को इलो, तो टाकूचो कसो?”

ही तीन पत्तीची सवय आहे. तीन पत्तीत वाटप झालं की डाव पुरा झालेला असतो. हातातले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच, म्हणून वाटल्यावर जे दिसतं त्यावरच हात चांगला की वाईट हे ठरतं. होल्डएममध्ये हातात दोनच पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, आणि या सातांतले उत्तम पाच धरायचे. पहिले दोन पत्ते म्हणजे नुसतं बियाणं. ते किती फ्लॉपांत रुजतं आणि रुजलं तर पीक आपलं होतं की शेजाऱ्याचं, हे दोन प्रश्न विचारायचे असतात. आमच्याकडे ते कुणी विचारतच नव्हतं.

या सवयीतून आणखी एक चूक येते आणि तिच्यावरून आमच्याकडे खरीखुरी भांडणं झाली आहेत. तीन पत्तीत सिक्वेन्स (सलग आकडे) कलरपेक्षा (सगळे पत्ते एका रंगाचे) मोठा. होल्डएममध्ये उलटं, कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. यामागे कुणाची लहर नाही. बावन्न पत्त्यांतून तीन उचलायचे २२,१०० प्रकार होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. म्हणजे तीन पत्त्यांत सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० प्रकार होतात, त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर दुर्मिळ, म्हणून तो वर. एक्का-दुर्री-तिर्रीचंही तसंच. तीन पत्तीत तो मानाचा सिक्वेन्स, तर होल्डएममध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यांत लहान. नवीन माणूस खेळायला बसला की एवढं आधी सांगून टाका.

पण ही सवय नुसती अडचण करते असं नाही. सासूबाई तीन पत्तीत मुरलेल्या. पहिल्यांदा फ्लॉप उघडलेला बघून त्या म्हणाल्या, “ही तां तीन पत्तीच झाली गो. फक्त सगळ्यांका मिळान एकच.” मला त्यावरून पुढचं सगळं सुचलं. फ्लॉप म्हणजे साऱ्या बैठकीला मिळून वाटलेला तीन पत्तीचा एक हात. तीन पत्तीत जोडी साधारण सहा हातांत एकदा येते, फ्लॉपवरही जोडी तितक्याच वेळा पडते. ती जोडी सगळ्यांची असते, एकट्याची कुणाचीच नाही. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे एकाच आकड्याचे तीन पत्ते, बघायला लोक वर्ष-वर्ष थांबतात, तर फ्लॉपला आपल्यासाठी चमत्कार होईल असं धरून कशाला बसायचं?

सोळा फ्लॉप पाडून बघा

टक्केवारी सांगून भावोजींना पटत नव्हतं, म्हणून एका दुपारी त्यांना चटईवरच दाखवलं. तुम्हीही करून बघा, दहा मिनिटं लागतात.

ज्या पत्त्यांचा मोह सुटत नाही, ते दोन पत्ते उघडे ठेवायचे. आम्ही एक्का-तिर्री ठेवली. उरले पन्नास. ते चांगले कालवून तीन-तीनचे फ्लॉप पाडत जायचं, सोळा फ्लॉप होतात आणि दोन पत्ते उरतात. आता बघा: उरलेल्या पन्नासात एक्के तीन आणि तिऱ्या तीन, मिळून सहा. म्हणजे सोळांपैकी फार तर सहा फ्लॉपांत आपल्या पत्त्याला जोड मिळू शकते. निदान दहा फ्लॉप कोरे जाणारच, कितीही वेळा करा. तेही सहाच्या सहा वेगवेगळ्या फ्लॉपांत पडले तर. दोन-तीन पत्ते एकाच फ्लॉपात गेले की कोऱ्या फ्लॉपांची संख्या आणखी वाढते.

भावोजींनी तीनदा पाडून बघितलं. कोरे फ्लॉप एका बाजूला सरकवत गेले, आणि तो ढीग बघून पहिल्यांदाच गप्प बसले.

नेमका आकडा हवा असेल तर असा. पन्नास पत्त्यांतून १९,६०० फ्लॉप होतात. वेगवेगळ्या आकड्यांचे दोन पत्ते हातात असतील तर त्यांतल्या १३,२४४ फ्लॉपांत दोन्हींपैकी एकही आकडा नसतो. जोड मिळते ती ३२.४ टक्के वेळा. एक्का-राजा असो नाहीतर सत्ती-दुर्री, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते हे, की जोड मिळाल्यावर ती पुरते का.

आता हेच पंजीच्या जोडीने करा. उरलेल्या पन्नासात पंज्या दोनच. सोळा फ्लॉपांत तिसरी पंजी फार तर दोनदा दिसणार. हिशेबाने १९,६०० पैकी २,३०४ फ्लॉप, म्हणजे ११.८ टक्के, साडेआठ वेळांत एकदा.

एकाच रंगाचे दोन पत्ते घ्या. फ्लॉपलाच तिन्ही पत्ते आपल्या रंगाचे यावेत असे फ्लॉप १६५, म्हणजे ११९ वेळांत एकदा. दोन आपल्या रंगाचे आणि एक परका असे २,१४५. दोन्ही मिळून २,३१०. गंमत बघा, छोट्या जोडीला तिसरा मिळायचे फ्लॉप २,३०४ आणि रंगाला काहीतरी आशा मिळायचे २,३१०, जवळजवळ तेवढेच. पण जोडीला तिसरा मिळाला की काम फत्ते. रंगाला दोन मिळाले की अजून एक यायचाच असतो, आणि तो शेवटपर्यंत ३५ टक्के वेळाच येतो. ‘रंगाचे आहेत’ या एका कारणासाठी राजा-चौकी धरून बसणं म्हणजे पागेरा (हाताने फेकायचं जाळं) टाकून हलव्याची वाट बघण्यासारखं आहे. कधी मिळतोही, पण त्या भरवशावर घर चालत नाही.

एक्का आला म्हणून काय झालं?

आमच्या घरातली मोठी गळती हीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्का काही दुर्मिळ नाही. साधारण सात वाटपांत एकदा हातात निदान एक एक्का येतोच. आम्ही बसतो सहा जण. आपल्याकडे एक एक्का असेल, तर बाकीच्या पाचांच्या दहा पत्त्यांत आणखी एखादा एक्का असण्याची शक्यता ४९.६ टक्के. जवळजवळ निम्मी! हे गणित करताना मी दोनदा पुसून पुन्हा केलं, कारण मला स्वतःलाच इतकं वाटत नव्हतं.

आता फ्लॉपला एक्का पडला असं धरा, जे १७ टक्के वेळा होतं. तरीही उरलेल्या दोन एक्क्यांपैकी एखादा कुणाकडे असण्याची शक्यता ३८ टक्के राहते. आणि ज्याच्याकडे आहे त्याचा दुसरा पत्ता तिर्रीपेक्षा मोठा असणार हे जवळपास ठरलेलंच, कारण तिर्रीपेक्षा लहान फक्त दुर्री.

एक डाव अजून डोळ्यासमोर आहे. भावोजींकडे बदाम एक्का आणि किलवर तिर्री. फ्लॉप पडला: इस्पिक एक्का, चौकट नव्वी, किलवर छक्की. त्यांनी लगेच एक काजूबी पुढे केली. सासूबाईंनी शांतपणे एक काजूबी टाकली. टर्नला, म्हणजे मधल्या चौथ्या पत्त्याला, किलवर राणी, पुन्हा तसंच. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, बदाम दुर्री. भावोजींनी उरलेली वाटी ओतली. सासूबाईंनी एक्का-दश्शी उलटी केली.

दोघांकडेही एक्क्यांची जोडी. भावोजींचे पाच पत्ते: दोन एक्के, राणी, नव्वी, छक्की. सासूबाईंचे: दोन एक्के, राणी, दश्शी, नव्वी. राणीपर्यंत बरोबरी, मग दश्शीने नव्वीला मारलं. भावोजींची तिर्री त्या पाचांत आलीच नाही. ती असून नसल्यासारखी होती. एक्क्याबरोबर लहान पत्ता असला की हे असं होतं. जिंकलात तर छोटा पॉट (मध्ये जमलेले चिंचोके), कारण एक्का नसलेले सगळे पॅक करतात. हरलात तर मोठा, कारण जो शेवटपर्यंत थांबतो त्याच्याकडे तुमच्यापेक्षा चांगला एक्का असतो. एक्का-राजासमोर एक्का आणि लहान पत्ता शेवटपर्यंत नेला तर जिंकणं जेमतेम चारात एकदा.

उपाय: सहा जण असताना एक्क्याबरोबर राजा, राणी, फार तर गुलाम असेल तर खेळा. दश्शी शेवटी बोलायची पाळी असेल तरच. त्याखालचे एक्के फोल्ड. एकाच रंगाचे असतील तर कधीमधी, तेही थोडक्या चिंचोक्यांत फ्लॉप दिसत असेल तेव्हा.

मोठी जोडी येऊनही हरत असाल तर

इथे दोष सहसा पत्त्यांच्या निवडीत नसतो, भित्रेपणात असतो. एक्क्यांची जोडी २२१ वाटपांत एकदा येते, शंभर डाव खेळलात तरी ती एकदाही न दिसण्याचीच शक्यता जास्त. एवढ्या वाट बघण्याने आलेली जोडी लोक लपवून ठेवतात, नुसतं कॉल करतात आणि पाच जणांना आत घेतात. कसेही पत्ते असलेल्या एका माणसासमोर एक्क्यांची जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. तशाच पाच जणांसमोर ४९ टक्के. म्हणून फ्लॉपआधीच रेझ करा, म्हणजे बोली वाढवा, गर्दी कमी करा.

राजांची जोडी असेल तर २२.६ टक्के फ्लॉपांत एक्का पडतो. राण्यांची असेल तर एक्का किंवा राजा पडायची शक्यता ४१ टक्के. गुलामांची असेल तर आपल्यापेक्षा मोठा पत्ता फ्लॉपला दिसणं ५७ टक्के, म्हणजे न दिसण्यापेक्षा दिसणंच जास्त. हे आधी माहीत असलं की मोठा पत्ता पडल्यावर माणूस घाबरूनही जात नाही आणि हट्टालाही पेटत नाही.

छोट्या जोडीचं वेगळं. पंजी-छक्कीची जोडी घेऊन आत जायचं तर ते तिसऱ्या पत्त्यासाठी, साडेआठात एकदा मिळणाऱ्या. म्हणून मी एकच बघते: आता दोन चिंचोके टाकायचे तर समोरच्याच्या वाटीत निदान वीस-पंचवीस आहेत का? असले तर जाते. फ्लॉपला तिसरा आला नाही आणि कुणी बोली लावली, की पॅक. तिथे थांबून राहणं हीच मघाचची गळती.

फ्लॉपनंतर ‘बघूया पुढचा पत्ता’

पुढचा पत्ता बघायची किंमत असते आणि ती काढता येते. आपला हात पुरा करणारे किती पत्ते उरलेत ते मोजा, यालाच आउट्स म्हणतात. रंगाला एक कमी असेल तर नऊ. सिक्वेन्सच्या दोन्ही टोकांना जागा असेल तर आठ. मधलाच एक आकडा हवा असेल तर चार. पुढच्या एका पत्त्यासाठी आउट्सची दुप्पट आणि फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत दोन्ही पत्ते बघणार असाल तर चौपट करा, टक्के जवळजवळ बरोबर येतात. नऊची चौपट ३६, खरा आकडा ३५. आठची ३२, खरा ३१.५. चारची १६, खरा १६.५.

आता चिंचोके मोजा. पॉटात साठ आहेत, समोरच्याने वीस टाकले. आपण वीस टाकले की पॉट होतो शंभर. शंभरासाठी वीस, म्हणजे पाचात एकदा तरी जिंकायला हवं, २० टक्के. रंगाला एक कमी असेल तर पुढच्या पत्त्याला १९ टक्के, जवळपास बरोबरी, शिवाय रंग लागल्यावर आणखी काही मिळेल, म्हणून कॉल ठीक. सिक्वेन्सचा मधला पत्ता हवा असेल तर जेमतेम साडेआठ टक्के, तेव्हा पॅक. आणि समोरच्याने वीसऐवजी साठ टाकले असते तर? १८० साठी साठ, ३३ टक्के हवेत. मग एका पत्त्यासाठी रंगवाल्यानेही पॅक करायचं. चौपटीचा आकडा तिथे धरू नका, कारण टर्नला तो पुन्हा बोली लावणारच आहे. चौपट फक्त तेव्हा, जेव्हा सगळे चिंचोके आत गेलेत आणि आता कुणी काही बोलू शकत नाही.

आउट्स मोजताना एक खोट हमखास राहते. आपला सिक्वेन्स पुरा करणारा पत्ता जर फ्लॉपवरच्या दोन किलवरांना तिसरा जोडीदार देत असेल, तर तो आपल्यापेक्षा दुसऱ्याच्या जास्त कामाचा. तसले पत्ते मोजणीतून वगळा.

माणसं कमी झाली तर

वरचे सगळे नियम सहा जणांचे. साडेदहाला मुलं झोपतात, सासूबाई उठतात, आणि चटईवर तिघंच उरतो. तेव्हा हाच हिशेब पुन्हा मांडायचा. आपल्याकडे एक एक्का असताना बाकीच्या दोघांच्या चार पत्त्यांत दुसरा असण्याची शक्यता ४९.६ वरून २२.६ टक्क्यांवर येते. एक्का-तिर्री त्या वेळी मीही टाकत नाही.